दोन बोटं उघडी काच

बँकेतल्या बाईंनी पेन्सिल हातात घेतली तेव्हा मला जरा बरं वाटलं. पेन्सिलीने काम करणारी माणसं घाईत नसतात. त्यांनी आमच्या खात्याच्या उताऱ्यावर दर महिन्याच्या बारा तारखेच्या नोंदीभोवती एक गोल काढला. बारा महिने, बारा गोल. मग पेन्सिल ठेवून माझ्या नवऱ्याला विचारलं, "हे काय?"

"प्रवासखर्च," तो म्हणाला. "मी फिरतीवर असतो ना. आधी खिशातून घालायचे, मग बिलं लावायची. कंपनी परत देते."

"मग हे उत्पन्न कसं?"

आमच्या शेजारी बसलेला कर्जाचा एजंट खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, खात्यात येतंय की. न चुकता येतंय. पगारासारखंच."

"मी तुमच्याकडून वाटी नेली आणि परत आणून दिली," बाई म्हणाल्या, "तर तुमच्या घरात एक वाटी वाढली का?"

एजंट हसला. आम्ही दोघं हसलो नाही. पगार शंभर मानला तर हा परतावा चाळीस होता, आणि एजंटाने अर्जात सरळ एकशे चाळीस लिहिले होते. नुसत्या शंभरावर किती कर्ज मिळेल, हे त्यानेच आम्हाला आधी सांगितलं होतं: "त्यात तुमचं स्वयंपाकघर येईल आणि निम्मा हॉल. झोपायचं कुठे ते तुम्ही बघा." घराचा विसार देऊन झाला होता. महिनाअखेर व्यवहार झाला नाही तर तो बुडणार होता, आणि त्यात आमची होती नव्हती ती सगळी शिल्लक होती.

"कधीकधी आम्ही धरतो," बाई म्हणाल्या. "ठरावीक भत्ता असेल, खर्च झाला न झाला तरी हातात पडणारा, तर धरतो. तसं कंपनीचं पत्र आणा. नाहीतर निदान बिलं आणा, म्हणजे हा पैसा खरंच खर्चाचा आहे एवढं मला लिहिता येईल." त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली आणि पहिल्या गोलापासून शेवटच्या गोलापर्यंत हळूहळू खाली आणली. "आणखी एक. पैसे परत आलेले दिसतात. गेलेले कुठे दिसत नाहीत. पेट्रोल दिसतं. लॉजला दिलेले दिसत नाहीत."

"रोख देतो. लहान लहान गावं असतात."

"रोख काढलेलीही दिसत नाही."

नवऱ्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण प्यायला. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं तो प्रश्नही मला पडला नव्हता.

माझा नवरा वजनकाटे तपासतो. औषधांचे कारखाने, इस्पितळं, धान्याची गोदामं, जिथे म्हणून वजन खरं असावं लागतं तिथे तो प्रमाण वजनं घेऊन जातो आणि काटा किती खोटं बोलतो ते सांगतो. अंगाने काटकुळा, वर तोळ्या-माशाचा धंदा, त्यामुळे कंपनीपासून घरापर्यंत सगळे त्याला तोळामासा म्हणतात. मोठी लोखंडी वजनं गाडीच्या मागच्या सीटवर असतात. बारीक वजनांची पेटी पुढे, त्याच्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. बोटाचं तेल लागलं तरी त्यांचं वजन बदलतं, म्हणून त्यांना तो हातमोजे घालून उचलतो. मी एकदा म्हटलं होतं, मला कधी असं उचललं नाहीस. तर म्हणाला, तुझं वजन प्रमाणित कुठे आहे?

आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. लिफ्ट नव्हती. चोपन्न पायऱ्या. सासूबाईंच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी हात टेकले आणि तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. गॅलरीतून रस्ता बघायच्या. घ्यायचं ठरवलेलं घर तळमजल्यावर होतं, दाराबाहेर एक ओटा होता, आणि सकाळचं ऊन त्या ओट्यावर यायचं, हे त्यांना मी सांगून चुकले होते.

"काय झालं बँकेत?" आम्ही दारात पाऊल ठेवताच त्या म्हणाल्या.

"पत्र मागतायत कंपनीचं."

"मग द्या की. का मीच चालत जाऊन आणू?"

"आणतो गं आई," तो म्हणाला. "तू ओट्यावर बसून कुणाकुणाला नावं ठेवायची त्याची यादी करून ठेव."

"यादी तयार आहे. पहिलं नाव तुझं."

तो हसला, बॅग भरली, आणि दुपारीच चार दिवसांच्या दौऱ्यावर निघाला. निघताना म्हणाला, "बिलांच्या मागे लागू नकोस. मी पत्राचा अर्ज बँकेतून निघतानाच कंपनीला पाठवलाय. ते आलं की झालं."

बिलांच्या मागे लागू नकोस असं तो म्हणाला नसता, तर कदाचित मी लागलेही नसते.

कपाटात त्याची फाइल होती. कंपनीला दिलेल्या प्रत्येक बिलाची एक प्रत तो ठेवायचा. मी जेवणाचं टेबल पुसलं आणि वर्षभराच्या लॉजच्या पावत्या तारखेप्रमाणे मांडल्या. सगळ्या एकाच लॉजच्या. त्याच्या मार्गाच्या मध्यावर पडणारं गाव, तिथून तो चारी दिशांना जातो असं त्याने सांगितलं होतं. त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आलेल्या प्रत्येक नमुन्यावर क्रमांक घालायचा हा तिथला पहिला नियम, आणि त्यामुळे कागदावर माझी नजर आधी क्रमांकावर जाते. जानेवारीच्या शेवटच्या पावतीचा क्रमांक होता दोनशे सतरा. फेब्रुवारीची पहिली पावती दोनशे अठरा. मधे अकरा दिवस गेले होते. फेब्रुवारीची शेवटची दोनशे सव्वीस, मार्चची पहिली दोनशे सत्तावीस. मी डिसेंबरपर्यंत गेले. एकही अंक गाळलेला नव्हता.

म्हणजे वर्षभर त्या लॉजमध्ये माझ्या नवऱ्याशिवाय कुणीही उतरलं नव्हतं.

मी कितीतरी वेळ त्या वाक्याकडेच बघत बसले. एक लॉज, त्यात खोल्या, खोल्यांना कुलपं, आणि वर्षभर त्या आवारात एकच माणूस. मग मी पुन्हा जवळून बघितलं. हाताने लिहिलेल्या तारखांतल्या इंग्रजी सातच्या पोटातून आडवी रेघ मारलेली होती. असा सात आमच्या घरात एकच माणूस काढतो.

पावतीवर फोन नंबर छापलेला होता. मी लावला. उचलणाऱ्याच्या मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं.

"लॉज?" तो माणूस ओरडून म्हणाला. "बाई, लॉज बंद होऊन चार वर्षं झाली. खाली माझं टायरचं दुकान आहे. वर कबुतरं आहेत. खोली पाहिजे तर त्यांना विचारा."

सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "कोण गं?"

"राँग नंबर."

मनात जे पहिल्यांदा आलं ते कुणाही बाईच्या मनात आलं असतं. ते मी थोडा वेळ राहू दिलं, कारण ते त्यातल्या त्यात बरं होतं. पण ते मांडलेल्या गोष्टींत बसेना. घरी असतानाही तो आडवा झोपत नाही. उशा भिंतीला लावून अर्धवट बसल्यासारखा, गुडघे उजवीकडे वळवून झोपतो. खोकल्यामुळे, असं मी धरून चालले होते. आणि कितीही थंडी असली तरी खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो. मोजून दोन बोटं. मी बंद केली तर उठून पुन्हा उघडतो. मी विचारलं तर म्हणतो, काचेवर दव साचतं, मग काही दिसत नाही.

झोपलेल्या माणसाला काचेतून काय बघायचं असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याची गाडी खाली लागली तेव्हा मी चोपन्न पायऱ्या उतरून गेले आणि त्याच्या शेजारचं दार उघडलं. सीटवर बारीक वजनांची पेटी होती, पट्टा लावून. मी पट्टा काढला, पेटी मांडीवर घेतली आणि बसले.

"अगं, हातमोजे," तो म्हणाला.

"पेटी आहे. वजनांना हात लावत नाहीये." मी दार ओढून घेतलं. "झोपतोस कुठे?"

त्याने गंमत करायचा प्रयत्न केला. "सवतीच्या घरी. पण स्वयंपाक बरा नाही तिचा."

मी गाडीत नजर फिरवली. दाराच्या कप्प्यात दात घासायचा ब्रश होता. त्याच्या सीटचं कापड खांद्याच्या उंचीवर झिजून गुळगुळीत झालं होतं. सीट मागे पाडायचा दांडा पकडून पकडून चकचकीत झाला होता. गाडीला वळसा घालून येताना दिसलं होतं, बाहेरच्या बाजूने उजव्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक ओरखडा होता. तो मी आधी पाहिला नव्हता.

"चार वर्षं," तो शेवटी म्हणाला. "लॉज बंद झालं तेव्हा मालकाने सामान विकायला काढलं. पावतीपुस्तकांचा गठ्ठा रद्दीत चालला होता. मी मागून घेतला. दिला त्याने." तो समोरच्या काचेतून बघत बोलत होता. "वाईट नसतं गं. इस्पितळाच्या वाहनतळात सोडतात. रखवालदार ओळखतात. सकाळी तिथेच नळावर अंघोळ. विसार कुठून आला वाटलं तुला? माझ्या पगारातून?"

"मला वाटलं आपण काटकसरीने राहतो."

"राहतोच की. मी जरा जास्त."

"आणि हा ओरखडा?"

"एकदाच डोळा लागला. कठडा होता म्हणून..." तो थांबला. "एकदाच."

मी पेटी घट्ट धरून बसले होते. मला बँकेतल्या बाईंची वाटी आठवत होती. पावत्या खऱ्या असत्या तर तो पैसा उत्पन्न नव्हता आणि घर मिळत नव्हतं. तो पैसा खरोखर उत्पन्नच होता, आमच्याच घरात राहिलेला, पण तसं म्हणायचं तर पावत्या खोट्या होत्या. आणि याने स्वतःहून पत्राचा अर्ज करून कंपनीला तीच फाइल उघडायला लावली होती.

"अर्ज मागे घे," मी म्हटलं. "उद्याच. विसार बुडाला तर बुडू दे."

"आणि आई?"

मी वर बघितलं. सासूबाई गॅलरीत होत्या. आम्ही गाडीत बसून का बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हात केला.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला वेळच मिळाला नाही. सकाळी नऊला कंपनीच्या मुख्य हिशेबनिसांचा फोन आला, तो त्याला नाही, मला.

"वहिनी ना? नमस्कार. पत्र तयार आहे बरं का. कर्जात तुमचंही नाव आहे म्हणे, तर दोघंही या. चहा घेऊ."

हिशेबनिसांची खोली स्वच्छ होती. टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या नातीचा फोटो, काचेवर आमची फाइल. ती उघडीच होती. लॉजच्या पावत्या वर होत्या, आणि प्रत्येक क्रमांकाशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती. सगळ्या खुणा एका दिवसात केलेल्या नव्हत्या. जुन्या पुसट झाल्या होत्या, नव्या ठळक होत्या. मी पावत्यांच्या कडा चाळल्या; खुणा चार वर्षं मागे जात होत्या.

"बसा ना वहिनी." त्यांनी चहा पुढे केला. "तुम्ही प्रयोगशाळेत असता. तुम्हालाही कळले असतील नंबर."

नवऱ्याने चहा न पिताच कपबशी खाली ठेवली.

"अरे, घाबरतोस काय तोळामाशा! मी काही बोललो का इतकी वर्षं?" ते खरंच प्रेमाने बोलत होते. "बाकीची पोरं लॉजवर उतरतात. उठणार, नाश्ता करणार, दहाला गेटवर. हा सातला हजर. दिवसाला एक काटा जास्त होतो. साहेबांना मी तेव्हाच म्हटलं, या माणसाला हात लावायचा नाही." त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. "आता बँकेला ठरावीक पाहिजे ना? हे घ्या ठरावीक. दरमहा, खर्च होवो न होवो. बिलं नकोत, पावत्या नकोत. एकदम कायदेशीर."

मी वाचलं. मला कागद सावकाश वाचायची सवय आहे. चाळीसच्या जागी तीस होते. पेट्रोल, मुक्काम, जेवण, सगळं त्या तिसात. खाली दुसरा परिच्छेद होता: आधीच्या चार मार्गांना आणखी दोन जोडले होते.

"यात लॉजवर राहणं परवडणार नाही," मी म्हटलं.

"राहतंय कोण?" हिशेबनीस म्हणाले.

"आम्ही कर्ज घेतलंच नाही तर?"

"तो तुमच्या घरचा प्रश्न. त्यात मी कसा पडू?" त्यांनी कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "हा आदेश आहे वहिनी. एक तारखेपासून लागू. साहेबांची सही झालीय."

"आणि या पावत्या?"

त्यांनी फाइल मिटली, खालच्या खणात ठेवली आणि खणाला किल्ली लावली. किल्ली फिरल्याचा आवाज झाला नाही, इतकं ते कुलूप वापरातलं होतं. "या इथेच असतात," ते म्हणाले. "कुठे जात नाहीत. चहा निवतोय."

गाडीकडे जाताना तो म्हणाला, "बघ, काही केलं नाही त्यांनी. चांगला माणूस आहे." त्याचा चेहरा मोकळा झाला होता. चार वर्षं चोरून केलेली गोष्ट आता त्याला उघडपणे करायची होती. तो शीळ घालत होता.

बँकेतल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग गोल काढलेल्या उताऱ्यावर खोडरबर फिरवला, बारा वेळा, आणि कागदावरचा चुरा फुंकरीने उडवला. "आता हे उत्पन्न," त्या म्हणाल्या. तीस धरून आकडा जेमतेम बसला. वर दोन-चार सुटे रुपये उरले, तेवढंच. "वीस वर्षं. शंका असेल तर आत्ता विचारा. सही केल्यावर फक्त तारखा उरतात."

नवऱ्याने सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी आकडेमोड केली, कारण मला ती थांबवता येत नाही. नवे मार्ग धरून महिन्याला बारा रात्री. वीस वर्षांत दोन हजार आठशे ऐंशी. त्यातल्या एका रात्रीचा ओरखडा मी पाहिला होता. सही केली नाही तरी एक तारीख येणार होती, मार्ग सहाच असणार होते आणि खणाची किल्ली त्याच माणसाकडे राहणार होती. रात्री तेवढ्याच जाणार होत्या. फक्त सासूबाई तिसऱ्या मजल्यावर राहणार होत्या. दोन्ही बाजूंनी सारखंच काही असलं की ते वजा करायचं आणि उरेल ते बघायचं, असं मी शिकले आहे. उरत होता तो ओटा.

"काही शंका?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि सही केली.

सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. "सावकाश," त्या खुर्ची धरणाऱ्यांना म्हणाल्या, "आता कुठे मी किमती झाल्येय." नव्या घरात त्या पहिल्याच सकाळी ओट्यावर बसल्या आणि तासाभरात समोरच्या दोन घरांची माहिती त्यांच्याकडे होती. झोपायच्या खोलीची खिडकी वाहनतळावर उघडते. आमची जागा खिडकीच्या अगदी समोर आहे, चार पावलांवर. तो गाडी खिडकीकडे पाठ करून लावतो.

नवा पलंग घेतला. रुंद, चांगल्या गादीचा.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघर आवरून खोलीत गेले, तर तो नव्हता. चादरीला सुरकुतीही नव्हती. न्हाणीघरात बघितलं. मग ओट्यावर गेले.

"हा कुठे गेला?"

"झोपला असेल," सासूबाई म्हणाल्या. "डोळे बघितलेस का जेवताना? घरी आला की कशी गाढ झोप लागते पोराला. उठवू नकोस."

मी खोलीत परत आले आणि खिडकीशी उभी राहिले. भर दुपार होती, ऊन स्वच्छ होतं. गाडीची काच दोन बोटं उघडी होती. चालकाची सीट मागे पडलेली होती आणि सीटवर त्याचं डोकं दिसत होतं, उजवीकडे कललेलं. शेजारच्या सीटचा पट्टा ताणलेला दिसत होता, म्हणजे पेटी तिथेच होती. मला बाहेर जाऊन काचेवर टकटक करायची होती. पण झोपेतून दचकला तर आपण कुठे आहोत असं त्याला वाटेल, हे मला ठरवता येईना, म्हणून मी तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळाने त्याचा खांदा एकदम ताठ झाला. गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे लागले. झोपेतच त्याने ब्रेक दाबला होता.

दिवे विझले. मी श्वास सोडला.

मग ते पुन्हा लागले, आणि या वेळी बराच वेळ विझले नाहीत.